बेन्सच्या चित्राखालची ती ओळ छापू नका

तुम्ही लिहिलंय की दिवाळी अंकासाठी टॉमस बेन्सवर लेख करताय, व्हिक्टोरिया धबधब्याचं त्याचं रंगीत चित्र मिळालंय आणि खाली 'लिव्हिंगस्टनच्या मोहिमेतील' असं टाकणार आहात. वाचून पोटात गोळा आला. हीच ओळ माझ्या लेखात छापून गेली होती.

बेन्स हा इंग्रज चित्रकार, आणि झांबेझी ही आफ्रिकेच्या दक्षिण भागातली, हा धबधबा असलेली नदी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. स्कॉटिश संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या १८५८ च्या झांबेझी मोहिमेत तो चित्रकार म्हणून गेला, पण कोठीची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडली. टेटे या झांबेझीकाठच्या गावी तापानं आजारी असतानाच्या काळातला हिशेब काढून, साखरेसकट माल वाटून टाकल्याचा ठपका त्याच्यावर आला. आरोप करण्यात लिव्हिंगस्टनचा भाऊ चार्ल्स पुढे होता. १८५९ मध्ये बेन्सला काढलं. त्यानं उघड चौकशी मागितली, ती कधीच मिळाली नाही. याचा मला अजूनही राग येतो.

लिव्हिंगस्टनची मंडळी धबधब्यापाशी पोचली ती ऑगस्ट १८६० मध्ये, बेन्सशिवाय. बेन्सनं तो पाहिला जुलै १८६२ मध्ये, जेम्स चॅपमन या व्यापारी-प्रवाशाबरोबर. तुमच्याकडचं चित्र बहुधा १८६५ मध्ये लंडनला निघालेल्या शिळाछाप संचातलं असणार. म्हणजे ज्या माणसानं त्याला चोर ठरवून घालवलं, त्याच्याच खात्यावर आपण ते चित्र जमा करतो.

मला ती ओळ एका चित्रसंग्रहाच्या परवाना विभागानं दिली होती. पैसे लगेच घेतले. तारखेबद्दल तीनदा विचारलं, तिन्ही वेळा एकच उत्तर: 'नोंदीप्रमाणे बरोबर आहे.' पण खरी चूक माझी. त्यांनी सोबत पाठवलेल्या कच्च्या स्केचच्या कोपऱ्यात बेन्सच्या बारीक अक्षरात जागा आणि तारीख होती, आणि पानात बसेना म्हणून मी नेमका तोच कोपरा कापला. अंक निघाल्यावर एका वाचकानं पत्र लिहून सांगितलं, तेव्हा मूळ स्कॅन मोठा करून पाहिला. तोवर उशीर झाला होता.

मी इतिहासकार नाही, तेव्हा तुम्हीही पडताळून घ्या. पण माझं ठाम मत, लिव्हिंगस्टनच्या मोहिमेतलंच चित्र हवं असेल तर टेटेजवळ कोळशाचा थर खणतानाचं घ्या. वाफेच्या बोटीला जळण हवं होतं, आणि नदीकाठी उपयोगाचं काय आहे ते लंडनला दाखवायचं होतं. चित्रकार बरोबर नेला तो या कामासाठी. फोटोचं काम चार्ल्सकडे होतं, पण त्या प्रवासाची ओळख लोकांना राहिली ती बेन्सच्या रंगांमुळे.

आणखी एक, शोधताना झांबेझीचं स्पेलिंग 'झेड'ऐवजी 'एस' घालूनही पाहा, जुन्या नोंदी तशाच आहेत. अंक छपाईला जायच्या आधी संपादकांना आजच फोन करा. पानं लागली असतील तरी ओळ बदलता येते.