फिरोजासारखा ठोकळा: काळ्या रेषा का पसरतात, खड्डे का राहतात

भुकटी आणि रेझिनपासून घरी फिरोजासारखा (काळ्या जाळीचा निळा) ठोकळा बनवण्याबद्दल तुमचे प्रश्न दोन आहेत. संगमरवराची भुकटी आणि इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) 100 ला 15 वजनाने घेतली, तर घासल्यावर बारीक खड्डे दिसले; आणि निळ्या मिश्रणात काळं रेझिन ओतून फिरवलं, तर रेषा न होता सगळं राखाडी झालं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी खड्डे. बाजारच्या ठोकळ्यात रेझिन साधारण 15 टक्के असतं हे खरं, पण तो भारी दाबाखाली बनतो. घरी गणित असं बसतं: 100 ग्रॅम संगमरवर म्हणजे सुमारे 37 घन सेंमी. भुकटी एकाच बारीकपणाची असेल तर ती दाबूनही निम्मी जागा पोकळच ठेवते. म्हणजे आणखी 37 घन सेंमी, आणि ती भरायला लागतं 40 ग्रॅम रेझिन. तुम्ही घातलं 15. उरलेल्या जागेत हवा राहिली, तीच खड्ड्यांच्या रूपाने वर आली.

रेझिन कमी करायचं तर कणांचे आकार मिसळावे लागतात: अर्धा ते एक मिमीचे कण 60 ग्रॅम, रव्याएवढे 15 आणि पिठासारखी भुकटी 25. मोठ्यांच्या फटीत लहान बसतात, आणि नीट दाबल्यास 18 ते 20 ग्रॅम रेझिनवर भागतं. पण इथे एक अडचण आहे. संगमरवराचा मोठा कण रंग पीत नाही, निळ्यात पांढरे ठिपके दिसतात. एकसारखा निळा हवा असेल तर सरळ बारीक भुकटी घ्या आणि 35-40 ग्रॅम रेझिन मान्य करा. मोठे कण खऱ्या फिरोजाचे किंवा आधीच रंगवलेल्या दगडाचे असतील तरच शोभतात.

क्वार्ट्झची किंवा काचेची भुकटी मात्र टाळा. प्रकाश जितका क्वार्ट्झमध्ये वाकतो तितकाच जवळपास इपॉक्सीत वाकतो, त्यामुळे पांढरीशुभ्र भुकटी रेझिनमध्ये जाताच धुरकट जेलीसारखी दिसते. संगमरवराचंही थोडं हे होतं, म्हणून 100 ग्रॅमला 2 ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड (पांढरा रंग) घालाच. थॅलो निळा (निळ्या रंगाची भुकटी) फार तीव्र असतो, 0.3 ग्रॅमपासून सुरुवात करा, थॅलो हिरवा त्याच्या निम्मा. आधी चमचाभर मिश्रण वाळवून रंग बघा. कोरड्या भुकटीवरून अंदाज घेऊ नका, रेझिनमध्ये रंग हमखास जास्त गडद दिसतो.

भुकटी 105 अंशांवर दोन तास तापवून, थंड करून मगच वापरा. ओल राहिली तर फुगे येतात आणि रेझिन मऊ राहतं. (जिप्सम किंवा अलाबास्टर असेल तर 50 च्या वर नको, त्याच्यातलंच पाणी सुटतं.) रेझिन-हार्डनर वजनकाट्यावर मोजा, भांड्याच्या कडा खरवडत चार मिनिटं ढवळा, रंग घाला आणि भुकटी शेवटी.

आता रेषा. द्रव काळं रेझिन द्रव निळ्यात बारीक, स्पष्ट रेष धरत नाही. बाजारच्या जाळीदार ठोकळ्यात निळा भाग आधी घट्ट झालेला असतो. निळ्या मिश्रणाची 6-8 मिमी जाड पाटी ओता. 24 तासांनी कापडात गुंडाळून हातोडीने फोडा, तुकडे 3 ते 12 मिमीचे ठेवा आणि चुरा चाळून काढा. तो चुरा राहिला की काळ्या रेषेत निळी धूळ दिसते आणि सगळी मेहनत मातीमोल. तुटलेली बाजू खडबडीत असते, पकड तिथेच मिळते. पाटी आठवडाभर पडून राहिली असेल तर तिच्या गुळगुळीत बाजू 80 नंबरच्या सँडपेपरने घासून घ्या.

100 ग्रॅम तुकड्यांना 25 ग्रॅम काळी पेस्ट पुरते: 15 ग्रॅम रेझिन, 8 ग्रॅम बारीक भुकटी, 2 ग्रॅम काळा आयर्न ऑक्साइड. तुकडे तिच्यात घोळवा, प्रत्येकाला थर लागायला हवा. सोनेरी रेषा हवी असेल तर भुकटी आणि काळ्या ऑक्साइडऐवजी ब्राँझ पावडर. मग साच्यात भरून दाबा. रेष किती बारीक येते हे दाबावरच ठरतं. जादा पेस्ट बाहेर पडायला झाकणाला चार भोकं ठेवा. साचा पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा, किंवा लाकडाचा असेल तर आतून पॅकिंग टेप. आणि साचा लहानच घ्या: क्लॅम्पचा जोर 500 किलो धरला तर 5×5 सेंमीवर दर चौरस सेंमीला 20 किलो पडतात, 15×15 वर जेमतेम 2. एक दिवस क्लॅम्पमध्येच राहू द्या. मोठा ठोकळा एकदम केला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. तो पिवळा पडतो, कधी तडकतोही.

बाहेर काढल्यावर 50-60 अंशांवर चार-पाच तास ठेवा. हे गाळलं तर पॉलिश करताना घर्षणाच्या उष्णतेने रेझिन मऊ होतं, चाकावर ओढलं जातं आणि कडा गोलावतात. घासणं 220 नंबरच्या सँडपेपरपासून 2000 पर्यंत, कायम पाण्याखाली. एखादा खड्डा राहिलाच तर पातळ सुपरग्लूचा थेंब, वर त्याच रंगाची भुकटी, वाळल्यावर पुन्हा 400.

धुळीबाबत हयगय नको. दगडाची कोरडी धूळ, विशेषतः क्वार्ट्झची, फुफ्फुसात कायमची बसते आणि साध्या कापडाने अडत नाही. एन95 लावा, फोडतानाही दगड ओला ठेवा. मॅलाकाइट (हिरवा दगड) वापरत असाल तर त्यात तांबं असतं, त्याचं चाळणं-घासणं स्वयंपाकाच्या भांड्यांपासून लांब.