पोगाचारवर सगळे संशय का घेतात, तो पण आर्मस्ट्राँगसारखाच निघेल का?

तुम्ही विचारलंय की सायकलपटू तादेय पोगाचार आजवर एकाही डोप टेस्टमध्ये सापडलेला नाही, मग लोक त्याच्या मागे का लागलेत, आणि उद्या तो पण लान्स आर्मस्ट्राँग निघेल का. यावर मी जरा लांबलचकच लिहिणार आहे, कारण आर्मस्ट्राँगच्या वेळी मी स्वतः तोंड पोळून घेतलंय.

२००५ ची गोष्ट. माझ्या मामाला कॅन्सर झाला. मामा सोलापूरचा, ट्रीटमेंट परळला, त्यामुळे मामा-मामी आमच्याकडे डोंबिवलीला येऊन राहिले होते. मी तेव्हा कॉलेजात, सायकलिंगचं नवीनच वेड लागलेलं, आणि आर्मस्ट्राँग म्हणजे माझा देव. १९९६ ला कॅन्सर झाला, फुप्फुसापर्यंत आणि मेंदूपर्यंत पसरला, त्यातून उठला आणि १९९९ पासून सलग टूर द फ्रान्स जिंकत सुटला. तीन आठवडे, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, आल्प्स आणि पिरेनीजचे घाट, आणि हा कॅन्सरमधून उठलेला माणूस सगळ्यात पुढे! त्याच्या संस्थेचे पिवळे रबरी बँड तेव्हा जगभर गाजत होते, तसला एक डुप्लिकेट मी स्टेशनबाहेर दहा रुपयाला घेतला आणि मामाच्या हातात घातला. मामाला सायकलिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो म्हणाला, हा उठला ना, मग मी पण उठतो. त्या जुलैमध्ये आर्मस्ट्राँगने सातवी टूर जिंकली तेव्हा मामीने पेपरातला फोटो कापून फ्रीजवर चिकटवला होता.

केमोने मामाचं हिमोग्लोबिन ७ वर आलं तेव्हा डॉक्टरांनी ईपीओची इंजेक्शनं लिहून दिली. ईपीओ म्हणजे एरिथ्रोपोएटिन, आपली किडनीच बनवते ते हार्मोन, त्याने लाल पेशी वाढतात, किडनीच्या पेशंटला डायलिसिसच्या काळात देतात, केमोवाल्यांनाही देतात. ते गार ठेवावं लागतं. मी चहाच्या थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ते इंजेक्शन ठेवायचो आणि लोकलमध्ये थर्मास दोन्ही हातांनी छातीशी धरून डोंबिवलीपर्यंत उभा यायचो, धक्का लागला तर काय घ्या म्हणून. मग शेजारच्या सिस्टर येऊन टोचून जायच्या. मामा नंतर बरा झाला, आजही सोलापुरात ठणठणीत आहे.

आणि मग काही वर्षांनी टायलर हॅमिल्टनने, म्हणजे आर्मस्ट्राँगच्याच टीममधल्या रायडरने, तोंड उघडलं तेव्हा कळलं की १९९९ च्या टूरमध्ये एक माणूस मोटरसायकलवरून रेसच्या मागे मागे फिरायचा आणि त्याच्याकडे थर्मास असायचा आणि त्या थर्मासमध्ये ईपीओ असायचं, लाल पेशी वाढल्या की दम वाढतो म्हणून. हे वाचून मी किती वेळ नुसता बसून होतो. आपला थर्मास आणि त्यांचा थर्मास. औषध एकच.

तर आता तुमच्या 'टेस्टमध्ये सापडलेला नाही' या मुद्द्यावर येतो. आर्मस्ट्राँग आयुष्यभर हेच सांगत होता की माझ्या शेकडो टेस्ट झाल्या आणि मी कधीच पॉझिटिव्ह आलो नाही. आता त्यात पाणी कुठे मुरत होतं बघा. १९९९ मध्ये लघवीतून ईपीओ पकडायची टेस्टच नव्हती, फक्त रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं तर थांबवायचे, म्हणजे सगळे ४९ पर्यंत बिनधास्त. २००१ पासून टेस्ट आली तर यांनी डोस बारीक केला, रात्री शिरेत थोडंसं टोचायचं म्हणजे सकाळपर्यंत अंगातून साफ. त्यावरही कडी म्हणजे स्वतःचंच रक्त सीझनमध्ये काढून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि टूरच्या मधल्या आठवड्यात परत चढवायचं. स्वतःचंच रक्त, टेस्टमध्ये सापडणार काय? त्याच टीममधल्या फ्लॉइड लँडिसने सांगितलंय की २००३ मध्ये आर्मस्ट्राँग बाहेरगावी गेला तेव्हा स्पेनमधल्या जिरोनातल्या त्याच्या फ्लॅटवर लँडिसला थांबायला सांगितलं होतं, काम काय तर रक्ताच्या पिशव्या ठेवलेल्या फ्रीजवर लक्ष ठेवायचं, लाइट जाऊन टेम्परेचर बिघडायला नको. आणि २००४ मध्ये टीमची बस बिघडल्याचं नाटक करून रस्त्याच्या कडेला उभी केली आणि आतमध्ये रायडर्सना रक्त चढवलं. बाहेर प्रेक्षक उभे!

आणि 'कधीच पॉझिटिव्ह नाही' हेही खोटंच होतं. १९९९ मध्ये त्याच्या लघवीत कॉर्टिकोस्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध, सापडलं होतं, मग मागची तारीख टाकून सीटवर घासून झालेल्या जखमेच्या मलमाचं प्रिस्क्रिप्शन तयार केलं आणि प्रकरण मिटवलं. हे ठरत होतं तेव्हा टीमची मसाज करणारी एमा ओरायली त्याच खोलीत होती, त्याला मसाज देत होती. तिने पुढे हे सगळं पत्रकार डेव्हिड वॉल्शला सांगितलं.

आणि माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं. आम्ही सगळे चुकीच्या जागी बघत होतो. लघवीच्या बाटलीत बघत होतो. पुरावा त्याच्या वागण्यात होता आणि तो उघड्यावर पडलेला होता. बोलणाऱ्या माणसांचं तो काय करत होता ते बघा. एमा बोलली तर तिच्यावर केस, वर तिच्या चारित्र्यावर शिंतोडे. बेट्सी अँड्र्यू, त्याच्या टीममधल्या फ्रँकी अँड्र्यूची बायको, तिने शपथेवर सांगितलं की १९९६ मध्ये हॉस्पिटलच्या खोलीत त्याने डॉक्टरांसमोर ईपीओ, टेस्टोस्टेरॉन, ग्रोथ हार्मोन घेतल्याचं कबूल केलं तेव्हा मी तिथे होते, तर तिला वेडी ठरवलं. वॉल्शच्या संडे टाइम्सवर दावा ठोकला आणि पेपरला २००६ मध्ये ३ लाख पाउंड मोजून तडजोड करावी लागली. क्रिस्तोफ बासों म्हणून एक फ्रेंच रायडर १९९९ च्या टूरमध्ये पेपरात कॉलम लिहायचा, डोपिंगवर लिहायचा, त्याला चालू स्टेजमध्ये, म्हणजे त्या दिवसाच्या रेसमध्ये, गाठून आर्मस्ट्राँगने सांगितलं की तू घरी जा. आणि पोरगा दोन-तीन दिवसांत खरंच घरी गेला, रायडर्सच्या सगळ्या जथ्याने वाळीत टाकला होता त्याला.

पण सगळ्यात भयंकर म्हणजे फिलिपो सिमेओनीचं. या इटालियन रायडरने कोर्टात साक्ष दिली होती की डॉक्टर मिकेले फेरारीने मला डोपिंग शिकवलं. फेरारी हा आर्मस्ट्राँगचाही डॉक्टर. २००४ ची टूर, १८ वा स्टेज, आर्मस्ट्राँगच्या अंगात पिवळी जर्सी, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिल्या रायडरची, टूर जवळजवळ खिशात. सिमेओनी पुढच्या ब्रेकअवेला, म्हणजे जथ्यातून सुटून पुढे गेलेल्या रायडर्सना, गाठायला निघतो. त्याच्यापासून आर्मस्ट्राँगला काडीचाही धोका नाही, तो एकूण क्रमवारीत कुठल्या कुठे मागे. तरी पिवळी जर्सी स्वतः त्याच्या मागे सुटते. असं कधी होत नाही हो, लीडर अशा माणसाच्या मागे कधी जात नाही! आता पिवळी जर्सी ब्रेकमध्ये म्हटल्यावर मागून दुसऱ्या टीम पाठलाग करणार, सगळ्यांचाच चान्स जाणार, म्हणून ब्रेकमधले रायडर आर्मस्ट्राँगला विनवतात की बाबा तू मागे जा. तो म्हणतो, सिमेओनी पण माघारी येणार असेल तर जातो. सिमेओनी बिचारा स्पीड कमी करतो, दोघं मागे येतात, आणि मग आर्मस्ट्राँग कॅमेऱ्याकडे बघून ओठांवरून झिप ओढल्यासारखी खूण करतो. तोंड बंद. मी हे तेव्हा टीव्हीवर बघितलंय आणि मला काय वाटलं माहितीये? वाटलं, बरी जिरवली त्या चुगलखोराची. आज मला याची मनापासून लाज वाटते.

पुढचं थोडक्यात सांगतो, ते सगळ्यांना माहितीये. २०१० मध्ये लँडिसच्या ईमेल्सनी भांडं फुटायला सुरुवात झाली, ऑक्टोबर २०१२ मध्ये यूसाडाने, म्हणजे अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेने, हजार पानांवरचा पुरावा मांडला, त्यात २६ जणांच्या साक्षी आणि त्यातले ११ त्याचे स्वतःचे टीममेट. सातही टायटल काढून घेतली, १९९९ ते २००५ त्या यादीत आज विजेताच नाही. जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विन्फ्रीसमोर त्याने कबूल केलं. म्हणजे टेस्टने नाही पकडला, माणसांनी बोलून पकडला. बातमी आली त्या दिवशी मामाचा सोलापूरहून फोन आला होता, तो चिडलेला नव्हता, फक्त एवढंच विचारत होता की अरे, म्हणजे इंजेक्शन तर माझंच होतं ना ते?

आता पोगाचार. दुधाने तोंड पोळल्यावर लोक ताक फुंकून पिणारच, आणि फुंकायला कारणं पण आहेत. २०२० ते २०२५ मध्ये चार टूर जिंकल्यात, २०२४ मध्ये एकाच वर्षी जिरो, म्हणजे इटलीची तशीच तीन आठवड्यांची रेस, टूर आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप. त्याच वर्षी पिरेनीजमधला प्लातो द बेयचा घाट त्याने चाळीस मिनिटांच्या आत चढला, १९९८ ला इटालियन रायडर मार्को पांतानीला तिथे साडेत्रेचाळीसच्या आसपास लागली होती, आणि १९९८ म्हणजे ईपीओचा ऐन हंगाम. त्यात त्याच्या टीमचा बॉस माउरो जानेत्ती, २००८ मध्ये हाच ज्या टीमचा बॉस होता त्या टीमचा रिकार्दो रिक्को टूरमध्येच पॉझिटिव्ह आला आणि टीमने रेस सोडली. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हुंगायचं प्रकरण, ते रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायला वापरतात आणि तेव्हा नियमात बसत होतं, पण वारंवार हुंगलं तर परफॉर्मन्स वाढू शकतो अशी भीती होती म्हणून २०२५ मध्ये यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, वारंवार हुंगण्यावर बंदी घातली. पोगाचारने आपण टेस्टपुरतं ते केल्याचं सांगितलं होतं.

दुसरी बाजू पण खरी आहे. सायकली, टायर, कपडे सगळं पंचवीस वर्षांत पार बदललं, आता रायडर तासाला १०० ते १२० ग्रॅम कार्ब्स पचवतात, पूर्वी याच्यापेक्षा बरंच कमी खायचे. २००८ पासून बायोलॉजिकल पासपोर्ट आहे, म्हणजे एकेका रायडरच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवतात आणि आकडे विचित्र हलले तर चौकशी लागते. यातून सगळा फरक भरून निघतो का, तर मला वाटतं बराचसा निघतो. पोगाचारविरुद्ध पुरावा आजच्या तारखेला शून्य आहे आणि नुसत्या घाटाच्या टायमिंगवर एखाद्या पोराला चोर म्हणणं मला पटत नाही.

मी काय बघतो ते सांगतो. टीम सोडून गेलेले मेकॅनिक, मसाजवाले, डॉक्टर, जुने टीममेट काही बोलतात का, आणि बोलले तर त्यांचं पुढे काय होतं. आतापर्यंत त्याच्याबद्दल कोणी एमा, कोणी सिमेओनी पुढे आलेला नाही, आणि वाकडा प्रश्न विचारला म्हणून त्याने कोणा पत्रकारावर दावा लावल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. उद्या कोणी पुढे आलं तर मी आधी त्याचं ऐकून घेईन, चुगलखोर म्हणणार नाही.

जुलैमध्ये मी अजूनही रोज संध्याकाळी टूर लावतो आणि डोंगराचा स्टेज असला की मामाला फोन करतो, तो पण तिकडे लावून बसलेला असतो. दर वर्षी विचारतो, हा पिवळ्या बनियनवाला कसा आहे रे? मी म्हणतो, मामा, आजपर्यंत तरी नीट दिसतोय. मग तो म्हणतो, बरं, मग बघू दे.