बँकेची नोटीस आली, आता घर जाणार का?

"साठ दिवसांनी आम्हाला घराबाहेर काढणार का हो?" सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकेला देणारा कायदा) नोटीस घेऊन आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. चाकणजवळच्या एका जोडप्यानेही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) 2018 मध्ये 28 लाखांचं कर्ज, हप्ता 24,300 रुपये, मुद्दल जवळपास 24 लाख बाकी. नवऱ्याची नोकरी गेली आणि पाच हप्ते थकले. "लिलाव झाला की तुम्हाला दमडीही मिळणार नाही," असं वसुली एजंटने सांगितल्यामुळे ताई दर महिन्याला 10,000 रुपये रोख त्याच्या हातात ठेवत होत्या. पावत्या मात्र सगळ्या महिन्यांच्या नव्हत्या.

आधी उत्तर: साठाव्या दिवशी कुणी बाहेर काढत नाही. 90 दिवस थकलं की खातं एनपीए (थकीत, अनुत्पादक कर्ज) होतं आणि मग कलम 13(2) ची नोटीस येते. त्यानंतर 60 दिवसांत पैसे आले नाहीत तर बँक कलम 13(4) खाली ताबा घेऊ शकते. बहुतेक वेळा तो आधी कागदोपत्रीच असतो: दारावर नोटीस चिकटते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. घर रिकामं करून द्यायला नकार दिला तर बँक सहसा कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन आदेश घेते. या साऱ्याला महिने लागतात. पण ते महिने फुकट गेले तर घर खरंच जातं.

ताईंनी दिलेले 10,000 का उपयोगी पडले नाहीत? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं एनपीएतून बाहेर येत नाही. थोडे थोडे पैसे भरून कारवाई थांबत नाही, हे एजंट सांगत नाही. भरायचेच असतील तर थेट कर्ज खात्यात भरा, रोख कुणाच्या हातात देऊ नका. एजंटने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करणं नियमबाह्य आहे. अशा फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा.

पहिलं काम म्हणून खात्याचा संपूर्ण उतारा मागवला. त्यात दंडाची रक्कम थकबाकीत मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज लावलेलं दिसलं. रिझर्व्ह बँकेने दंडव्याजाऐवजी दंडशुल्क लावायला सांगितलं आहे आणि त्या शुल्कावर व्याज चढवायला मनाई केली आहे. जुन्या कर्जांनाही हे 30 जून 2024 पर्यंत लागू करायचं होतं. कलम 13(3अ) खाली आक्षेप लिहिला, त्यात या नोंदी तारखांसह दिल्या, भरलेल्या रकमांच्या पावत्या जोडल्या आणि नोकरी गेल्याचं पत्र लावलं. आक्षेपाची प्रत बँकेच्या शाखेत शिक्का मारून घ्या आणि दुसरी नोटिशीवरच्या अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पाठवा. बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. तेवढ्या उत्तरावर कर्ज वसुली न्यायाधिकरणात (बँकांच्या कर्जवसुलीचे वाद ऐकणारं खास न्यायालय) जाता येत नाही. तो मार्ग ताब्याची कारवाई झाल्यावर उघडतो.

मग हिशेब. नवऱ्याला 32,000 ची नवी नोकरी मिळाली होती, ताईंच्या डब्यांतून 12,000 येत होते. मुदत वाढवून हप्ता कमी होईल अशी दोघांची आशा होती. साडेआठ टक्क्यांनी 24 लाख 19 वर्षांत फेडायचे तरी हप्ता 21,250 येतो. म्हणजे फक्त तीनेक हजारांचा दिलासा, आणि त्यासाठी आधी सव्वा लाखाची थकबाकी भरायला दागिने मोडायचे. मिळकतीचा अर्धा हिस्सा हप्त्यात जाणार असेल तर दागिने मोडून घर राखण्याचा सल्ला आम्ही देत नाही. सहा महिन्यांत तीच नोटीस परत येते आणि तेव्हा हाताशी दागिनेही नसतात.

फ्लॅटची बाजारातली किंमत 42 लाखांच्या आसपास होती. लिलावात बँकेचं येणं आणि खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम कर्जदाराचीच असते. त्यामुळे एजंटचं "दमडीही मिळणार नाही" हे खोटं होतं. तरीही बोली राखीव किमतीपासून (बँकेने ठरवलेली किमान किंमत) सुरू होते आणि ताब्याची कटकट असलेल्या घराला गिऱ्हाईक हात आखडता घेतं. स्वतः विकणं केव्हाही बरं.

इथे एक अडचण आहे. 13(2) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. म्हणून आधी संमतीपत्र, ठरलेल्या तारखेपर्यंतच्या पूर्ण येण्याचं फोरक्लोजर पत्र आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी मागितली. बदलत्या व्याजाच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लागत नाही, ते पत्रात घातलं असेल तर काढायला सांगा. सोसायटीचा ना-हरकत दाखला याच काळात मागा, थकलेल्या मेंटेनन्सवरून तो हमखास अडतो. घेणाऱ्याच्या बँकेने येण्याचा धनादेश थेट ताईंच्या कर्ज खात्याच्या नावाने दिला आणि बाकीची रक्कम दोघांच्या खात्यात आली. कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत द्यावे लागतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. सिबिलवर खातं "सेटल्ड" (तडजोडीने मिटवलेलं) न दिसता "क्लोज्ड" (पूर्ण फिटलेलं) दिसतंय ना, तेही तपासा.

लिलावाची जाहिरात निघाली असेल तर चित्र वेगळं आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर सगळं येणं भरून घर सोडवण्याचा हक्क जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये तेच कायम केलं. दिवाणी न्यायालय अशा कारवाईला स्थगिती देऊ शकत नाही. कुणी तिथे दावा लावू म्हणालं तर पैसे देऊ नका. ताब्याच्या कारवाईपासून 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात कलम 17 चा अर्ज करावा लागतो. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) इथे ती आहेत. मूल्यांकन नीट झालं का, विक्रीपूर्वी 30 दिवसांची नोटीस मिळाली का, जाहिरात नियमाप्रमाणे निघाली का, एवढं वकिलाकडून तपासून घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे कर्जात सहकर्जदार असलेल्या ताईंनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा.