फोटो आधी गाडीवर ठरतो, लेन्सवर नंतर

वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार यांचे जंगलात फोटो काढायला नेणाऱ्या सहलींविषयी आलेले हे काही प्रश्न. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ‘फोटोग्राफी टूर’ आणि साधी सफारी यांत नेमका फरक काय? पैसे भरण्याआधी आयोजकाला काय विचारावं?

पहिला प्रश्न एकच विचारा : गाडीत किती जण? सहा आसनांच्या जिप्सीत कॅमेरेवाले तीन, फार तर चार. त्यापुढे प्राणी ज्या बाजूला येईल त्या बाजूची माणसं फोटो काढतात आणि उरलेल्यांच्या फोटोत त्यांचे कान येतात. एका ओळीत एकच माणूस असेल तर तो डावीकडून उजवीकडे सरकू शकतो आणि बीनबॅग (लेन्स टेकवायची धान्यानं भरलेली पिशवी) दोन्ही कडांवर ठेवू शकतो. सहलीच्या नावात काहीही असो, ही सोय नसेल तर ती साधी सफारीच.

दुसरं, दिवस मोजू नका, सफाऱ्या मोजा. येण्याजाण्याचे दिवस वजा केले की सहा दिवसांच्या सहलीत अनेकदा सात-आठच फेऱ्या हाती उरतात. तिसरं, सोबत येणारा तज्ज्ञ तुमच्याच गाडीत बसणार का, आणि बसला तर स्वतः फोटो काढत बसणार का, हे स्पष्ट विचारा. त्याचं खरं काम गाडी लावून घेण्याचं आहे : ऊन कुठून येतंय, प्राण्यामागची पार्श्वभूमी किती लांब आहे, तो उठला तर कुठे जाईल, हे पाहून चालकाला चार मीटर पुढे-मागे करायला सांगणं. एवढ्यानं जो फरक पडतो तो महागड्या लेन्सनं पडत नाही.

आणि ‘दिसणारच’ अशी हमी कुणी दिली तर तिथून उठा. रानटी प्राण्याची हमी देता येत नाही. ती दिली जाते तिथे आमिष टाकलेलं असतं किंवा कुंपणातला पाळीव प्राणी असतो.

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि १००-४०० मिमी लेन्स आहे. पुरेल का, की ६०० घ्यावी?

तुम्ही कुठे जाता त्यावर आहे. १.६ च्या क्रॉपवर तुमची लेन्स पूर्ण आकाराच्या सेन्सरवरच्या १६०-६४० लेन्सइतका कोन देते. ताडोबासारख्या जंगलात वाघ बऱ्याचदा रस्त्यावरूनच गाडीकडे चालत येतो, तिथे ती पुरते. केनियातल्या मसाई मारात सिंह गाडीपासून दहा मीटरवर लोळत असतात. तिथे ६०० मिमीवाल्याला नुसतं नाक मिळतं, म्हणून दुसऱ्या बॉडीवर (कॅमेऱ्यावर) ७०-२०० हवी. दुसरी बॉडी असण्याचं आणखी एक कारण म्हणजे धूळ. उघड्या गाडीत लेन्स बदलली की सेन्सरवर ठिपके आलेच.

ब्राझीलच्या पांतानालमध्ये जग्वार नदीकाठी दिसतो आणि फोटो बोटीतून घ्यावे लागतात. तिथे ४०० ते ६०० हवी, पण ट्रायपॉड नको. बोटीची प्रत्येक हालचाल तो कॅमेऱ्याला पोचवतो. लेन्स हातात धरायची आणि शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली न्यायचा नाही. लडाखमधला हिमबिबट्या मात्र शेकडो मीटरवर असतो. तिथे ६०० ला १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारं जोड-भिंग) लावूनही तो डोंगराचा एक भाग वाटतो. तसाच फोटो घ्या, त्याचं घर फ्रेममध्ये येऊ द्या.

टेलिकन्व्हर्टर फुकट नाही. १.४ चा एक स्टॉप खातो, म्हणजे प्रकाश निम्मा करतो, २ चा दोन. पहाटे एफ/६.३ इतकंच उघडणाऱ्या लेन्सवर आधीच प्रकाशाची बोंब असते. अशा वेळी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० करायला कचरू नका. त्यानं येणारा रवाळपणा नंतर सॉफ्टवेअरनं उतरतो, हललेला फोटो कशानंच दुरुस्त होत नाही.

प्रश्न : मागच्या सहलीत वाघ छान दिसला, पण निम्म्याहून जास्त फोटो धूसर. सर्व्हिस सेंटर म्हणतं कॅमेरा, लेन्स ठीक. मग चूक कुठे?

उत्तर त्या फोटोंतच आहे. पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहा.

फ्रेममधली प्रत्येक गोष्ट, अगदी दगडसुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल तर कॅमेरा हलला. इंजिन चालू होतं, किंवा शेजारचा माणूस नेमका तेव्हा उभा राहिला. इंजिन बंद करायला सांगा आणि गाडीतल्या सगळ्यांनी फोटो काढताना बूड हलवायचं नाही, असं निघण्यापूर्वीच ठरवा. बीनबॅग रिकामी न्या, मुक्कामी धान्यानं भरा, पण गच्च नको. तीन-चतुर्थांश भरली की लेन्स तिच्यात रुतून बसते.

दगड स्पष्ट, धड स्पष्ट, फक्त पंजे पुसलेले? मग शटर कमी पडलं. निवांत बसलेल्या प्राण्याला १/२५० चालतं, चालणाऱ्याला १/८००, धावणाऱ्याला १/२००० हवं.

पुढचं गवत लख्ख आणि चेहरा मऊ असेल तर फोकस गवतानं चोरला. डोळा ओळखणारी यंत्रणा मोकळ्यावर उत्तम चालते, गवताच्या काड्यांआड गोंधळते. एकच छोटा बिंदू निवडा, तो डोळ्यावर ठेवा, आणि फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला द्या. फोकस मिळाला की अंगठा उचलायचा, मग मध्ये काडी आली तरी तो सरकत नाही. अर्थात प्राणी जागचा हलला की अंगठा पुन्हा खाली.

आणि कुठेच काही धारदार नाही, पट्ट्यांच्या कडा लहरल्यासारख्या दिसतात? ती तापलेल्या हवेची करामत. ऊन चढल्यावर लांबच्या उघड्या मैदानावरून किंवा तापलेल्या रस्त्यावरून घेतलेला फोटो असाच येणार. त्यावर महाग लेन्सचाही इलाज नाही. अंतर कमी करा, नाहीतर कॅमेरा खाली ठेवा आणि डोळ्यांनी बघा.

प्रश्न : चित्त्यानं ऐन झेप घेतली आणि कॅमेरा अडकला. कार्ड नवीन होतं.

बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो साठवणारी कॅमेऱ्यातली तात्पुरती जागा, भरला. एक रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाइल ५० एमबीची आणि सेकंदाला २० फोटो, म्हणजे सेकंदाला साधारण १ जीबी. बहुतेक कार्डं एवढ्या वेगानं लिहूच शकत नाहीत. चित्ता नुसता रोखून पाहत असताना तुम्ही बटण दाबून धरलं, तिथेच जागा संपली. तेव्हा दोन-तीन फोटोंचे छोटे तुकडे घ्या आणि कॉम्प्रेस्ड रॉ निवडा.

खुणाही ओळखा. लोळत पडलेला सिंह लागोपाठ दोन-तीन जांभया देऊ लागला की बहुधा उठणार. शेपटी वर करून झाडाकडे पाठ वळवलेला वाघ गंधखूण मारणार. सांबराचा कॉल (शिकारी प्राणी जवळ असल्याची हाक) येत राहिला तर तो चितळापेक्षा जास्त भरवशाचा, कारण चितळ उगाचही ओरडतं.

प्रश्न : चालकाला आणखी जवळ घ्यायला सांगणं चूक आहे का? पैसे तर आपणच देतो.

चूक आहे. साबी सँडसारख्या दक्षिण आफ्रिकेतल्या खासगी राखीव क्षेत्रात गाडी वाट सोडून झुडपात जाऊ शकते, ताडोबात नाही. नियम मोडला तर परवाना चालकाचा जातो, तुमचा नव्हे.

प्राण्याचं नुकसान तर मोजलेलं आहे. मसाई मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात मादी सरासरी २.३ पिल्लं वाढवू शकत होती, जास्त वर्दळीच्या भागात अवघी ०.२. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्याच वेळेत. शिवाय त्याला मोकळं मैदान लागतं आणि आपण त्याच मैदानावर गाड्यांची भिंत उभी करतो. फोटोच्या दृष्टीनंही जवळ जाणं तोट्याचं असतं : उंच गाडीतून जवळचा प्राणी वरून टिपला जातो आणि बुटका दिसतो. थोडं लांबून, मोठ्या लेन्सनं घेतला की कोन सपाट होतो, नजर समोरासमोर येते.

प्रश्न : हिवाळ्यात लडाखला हिमबिबट्यासाठी जातो आहोत. कॅमेऱ्याची काय काळजी घ्यावी?

आधी स्वतःची. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस नुसता आराम, डोंगर चढायचा नाही. विरळ हवेच्या औषधांबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

बॅटऱ्या नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट न्या आणि जादाच्या अंगाशी, आतल्या खिशात ठेवा. थंडीनं ‘संपलेली’ बॅटरी ऊब मिळाल्यावर बरीचशी परत चालते. बर्फावर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि बर्फ राखाडी करतो, म्हणून एक्सपोजर +१ (एक स्टॉप जास्त) करा. संध्याकाळी गार कॅमेरा थेट उबदार खोलीत नेला तर आत-बाहेर दव धरतं. बाहेरच कार्ड काढून घ्या, कॅमेरा बॅगेत घालून चेन बंद करा आणि खोलीत आल्यावर दोन तास ती बॅग उघडू नका.