जखम प्रमाणपत्रावरून साक्षीला जाताना

मुलुंडच्या एका रुग्णालयात रात्रपाळीला असताना, २०२३ साली, मारहाणीच्या प्रकरणात आपण दिलेल्या जखम प्रमाणपत्रासाठी आता सत्र न्यायालयाचे समन्स आले आहे, रुग्णाचा चेहराही आठवत नाही आणि ‘हे माझ्यावरच तर शेकणार नाही ना’ अशी धास्ती वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. मी या सगळ्यातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी वकील नाही. प्रकरणाचा तपशील सरकारी वकिलांशीच बोलावा.

माझी चूक एका शब्दाची होती. उपनगरातल्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी मेडिकल ऑफिसर असताना मध्यरात्रीनंतर एका माणसाला डोक्यातून रक्त वाहत असताना आणले. कोयत्याने मारले, असे तो सांगत होता. जखम सरळ रेषेत होती, कडाही स्वच्छ दिसत होत्या. मी टाके घातले, रक्त थांबवले आणि नंतर, दारात उभ्या हवालदारांची घाई सांभाळत, एका ओळीत लिहिले, ‘डोक्यावर छिन्न जखम, ५ सेंमी, धारदार हत्याराने’. पुढे मुद्देमालात जप्त झाली ती बांबूची काठी.

डोक्याची त्वचा कवटीच्या हाडावर ताणून बसवल्यासारखी असते, त्यामुळे बोथट वस्तूचा घाव बसला तरी ती सरळ फाटते आणि जखम वरवर कापल्यासारखी दिसते. नडगीवर आणि भुवईवरही असेच घडते. हा धडा द्वितीय वर्षाच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकात होता आणि मी तो परीक्षेत लिहिलाही होता. भिंगातून पाहिले असते तर कडांना किंचित मुका मार, जखमेच्या आत दोन्ही बाजूंना जोडणारे ऊतींचे धागे आणि कापलेल्या नव्हे तर चिरडलेल्या केसांची मुळे दिसली असती. पण हे टाके घालण्यापूर्वी पाहायचे असते, कारण टाके पडल्यावर तो पुरावा राहत नाही. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी अगदी शांतपणे विचारले, ‘कडा कशा होत्या? केस कापलेले होते की चिरडलेले?’ माझ्या कागदावर त्याचे उत्तर नव्हते. मी पाहिलेले लिहिण्याऐवजी रुग्णाने सांगितलेले लिहिले होते, आणि तेही स्वतःचे मत म्हणून. ‘धारदार’ हा शब्द निरुपद्रवी नसतो. कापण्याच्या हत्याराने केलेली साधी दुखापतसुद्धा कायद्यात अधिक शिक्षेच्या कलमात जाते.

दुसरा मनस्ताप त्याच रुग्णालयाच्या अभिलेख विभागाने दिला. मूळ केसपेपर पाहण्यासाठी मी तीन खेपा घातल्या. आधी अर्ज ठरावीक नमुन्यात नाही, मग संबंधित कर्मचारी रजेवर, आणि शेवटी तळघरात पावसाचे पाणी शिरल्याने त्या वर्षाचे गठ्ठे हलवले आहेत, असे सांगण्यात आले. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा कायदेशीर अधिकाऱ्याने मागितल्यास कागद ७२ तासांत द्यावे लागतात. त्या यादीत साक्षीला निघालेला डॉक्टर मात्र नाही, हे मला फार उशिरा कळले. म्हणून माझे मत ठाम आहे: स्वतः खिडकीवर ताटकळत राहू नका, सरकारी वकिलांना किंवा तपास अधिकाऱ्यांना सांगून त्यांच्यामार्फत केसपेपर आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंधित रुग्णांच्या) नोंदवहीची मागणी करवा. तीन वर्षे जपून ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे उशीर करू नका.

कागद हातात आले की निम्मी धास्ती जाईल. त्या वेळी लिहिलेल्या नोंदी पाहून साक्षीदाराला स्मृती ताजी करण्याची मुभा कायद्यातच आहे, त्यामुळे चेहरा आठवत नाही, हे सांगण्यात लाज नाही. तुम्ही आरोपी नाही, साक्षीदार आहात. जे कागदावर नाही ते ‘बहुधा असेल’ म्हणून जोडू नका. मी तसे एकदा केले आणि पुढचा अर्धा तास त्या एका ‘बहुधा’वर गेला.

जबर दुखापतीविषयी विचारले तर एक बारकावा लक्षात ठेवा. भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने दुखापत ‘जबर’ ठरण्यासाठी लागणारी तीव्र वेदनेची किंवा नित्याची कामे करता न येण्याची मुदत २० वरून १५ दिवसांवर आणली आहे, पण ती संहिता १ जुलै २०२४ पासूनची आहे. तुमची घटना २०२३ ची असल्याने जुना २० दिवसांचा निकषच लागू होईल. नव्या पुस्तकातून तयारी करणाऱ्या तरुण डॉक्टरांची इथे गफलत होऊ शकते.

रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आपल्यावर आहे, परंतु न्यायालयाने विचारल्यावर उत्तर द्यावे लागते. वकिलाला अशिलाबाबत मिळते तसे संरक्षण डॉक्टरला नाही. तसेच, पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही करायची नसते, कोणी कितीही आग्रह केला तरी.

साक्ष त्याच दिवशी होईलच असे नाही. मला पहिल्या तारखेला संध्याकाळपर्यंत बसवून पुढची तारीख मिळाली. निघताना न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांकडून हजेरीचा दाखला मागून घ्या. मी तो घेतला नव्हता, आणि तो दिवस आमच्या आस्थापना शाखेने माझ्या किरकोळ रजेतून कापला.