आजीला तिथे इंग्लिश येईल का

सारू,

हे पत्र तुला वाचता येणार नाही हे मला माहितीये. पप्पा वाचून दाखवेल, नाहीतर राहू दे, मोठी झालीस की बघ. आधी इंग्लिशमध्येच लिहायला बसले होते, दोन ओळी लिहिल्या आणि मलाच ते बँकेचं पत्र वाटायला लागलं म्हणून खोडलं.

त्या दिवशी आपण तिघं सोफ्यावर बसून मामाच्या फोनवर आजीची माती बघत होतो. इथे मेलबर्नला रात्रीचे साडेआठ, नगरला चार वाजलेले (आता अहिल्यानगर म्हणायचं, माझ्या तोंडात बसत नाही), तिकडे पाऊस, मामाचा हात हलतोय, निम्मा वेळ कोणाच्या तरी छत्रीचा दांडाच दिसतोय. पाळकांनी मूठभर माती घेतली आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. आणि तू विचारलंस, "आई, हाऊ विल आजी टॉक टु मी इन हेवन? शी डझन्ट नो इंग्लिश." मी म्हटलं देव बघेल गं, जा ब्रश कर. तू गेलीस पण. मी मात्र पहाटेपर्यंत जागी होते.

कारण हे माझंच काम ना. आधी म्हटलं तुझं इंग्लिश पक्कं होऊ दे, मग स्विमिंग, मग व्हायोलिन, मराठीचा वर्ग लांब पडतो, आणि नऊ वर्षं कशी गेली कळलं नाही. दर रविवारी फोनवर तुझं आणि आजीचं बोलणं व्हायचं ते एवढंच. "जेवलीस का?" "जेवले." की लगेच फोन माझ्या हातात.

तुझ्याएवढी असताना मला स्वर्गाबद्दल काय वाटायचं सांगू? आमच्या संडे स्कूलमध्ये योहान 3:16 पाठ करावं लागायचं, त्यात शेवटी "सार्वकालिक जीवन" येतं. मला तो शब्दच माहीत नव्हता. मी कितीतरी वर्षं ते "सार्वजनिक जीवन" असंच म्हणत होते, कारण आमच्या गल्लीत सार्वजनिक नळ होता, सार्वजनिक वाचनालय होतं, मग मेल्यावर सार्वजनिक जीवन मिळतं यात मला काही वावगं वाटलं नाही. म्हणजे सगळी मंडळी एका जागी, पाण्याला रांग, कोणीतरी भांडतंय, कोणाची तरी कळशी पुढे सरकवलीय. आजीने एकदा ऐकलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दुरुस्त मात्र केलं नाही तिने.

आणि ईस्टर. इथे तुला चॉकलेटची अंडी माहितीयेत, असू देत, चांगली असतात. आमच्याकडे शनिवारी मामा आणि आबा चुन्याची बादली घेऊन कबरस्तानात जायचे, सगळ्या कबरी पांढऱ्या करून यायचे. रविवारी आजी पहाटे चारला उठवायची, अंघोळ, नवा फ्रॉक, आणि अंधारातच सगळे चालत निघायचे, हातात मेणबत्त्या, पिशवीत झेंडू. पेटी आणि टाळ घेऊन कोणीतरी टिळकांचं भजन लावायचं. टिळक म्हणजे ना. वा. टिळक, लोकमान्य नव्हेत (हे शाळेत मला शंभरदा सांगावं लागलंय). ते नगरलाच राहिले, अभंगात येशूची भजनं लिहिली त्यांनी. नगरला अमेरिकन मिशन आलं 1831 मध्ये, पण साहेबांच्या चालीवरची गाणी म्हणताना आजी नुसते ओठ हलवायची आणि अभंग आला की आवाज चढवायची. उजाडता उजाडता पाळक पौलाचं पत्र वाचायचे, मरणा तुझी नांगी कोठे. नांगी म्हटलं की मला विंचू दिसायचा. आमच्याकडे दगड उचलला की विंचू निघायचा त्यामुळे मरण हे कबरीच्या दगडाखालीच बसलेलं असणार याची मला पक्की खात्री होती, आणि मी पाय जपून टाकायचे. तेवढं झालं की आम्ही मुलं वितळलेलं मेण खरवडून त्याचे गोळे करायचो, ज्याचा मोठा तो जिंकला. मोठी माणसं रडत असायची तेव्हा आम्ही मेणावरून भांडत असायचो. माझ्या मनात पुनरुत्थान म्हणजे अजूनही तो वास आहे, चुना आणि मेण.

आता हे सगळं मी तुला का सांगतेय? तू विचारलंस भाषेचं. येते तिकडे, थांब.

शाळेत माझी मैत्रीण होती, तिची आजी वारली तेव्हा दहाव्याला कावळा लवकर शिवेना, सगळे खोळंबले, शेवटी तिच्या काकांनी काहीतरी कबूल केलं आणि कावळा आला. तिने मला विचारलं, तुमच्यात कावळा नसतो मग तुम्हाला कसं कळतं तुमचं माणूस समाधानाने गेलं का? मला उत्तरच देता आलं नाही. खरं सांगते, मला त्या कावळ्याचा हेवा वाटला. निदान काहीतरी उत्तर तरी येतं. आमच्याकडे नुसता विश्वास ठेवायचा.

घरी येऊन आजीला विचारलं तर ती म्हणाली, कळायचंय काय त्यात, ते देवाजवळ आहेत. आणि त्याच आठवड्यात कबरस्तानात माझा पाय पणजोबांच्या कबरीला लागला तर केवढ्यांदा ओरडली, "अगं झोपलेत ना ते!" आता देवाजवळ आहेत की खाली झोपलेत, शेवटच्या दिवसापर्यंत? मी आजवर बऱ्याच लोकांना हे विचारलंय. कोणी म्हणतं वधस्तंभावरच्या चोराला प्रभू म्हणाला ना, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, "आज" म्हणाला, म्हणजे लगेच. कोणी म्हणतं नाही, कर्णा वाजेल तेव्हाच सगळे उठतील. आजीचं दोन्हीवर सारखंच चालायचं, तिला त्यात काही अडचण दिसत नव्हती.

आबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या कुणीतरी बाई म्हणाल्या, आता स्वर्गात पुन्हा संसार मांडाल. आजीने ताबडतोब सांगितलं, शास्त्रात लिहिलंय तिथे लग्न करत नाहीत. मग थोडं थांबून म्हणाली, बरंच झालं, चाळीस वर्षं डबा भरला तेवढा पुरे. आणि रात्री आबांच्या उशीचा अभ्रा काही धुवू देईना.

आता तुझा प्रश्न. आजीच्या आजीची गोष्ट तुला अर्धीच माहितीये, दुष्काळात केडगावला आली एवढीच. (दौंडजवळचं केडगाव, नगरचं नाही.) ती गुजरातची होती. 1900 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी तिकडून शेकडो मुली केडगावच्या मुक्तीत, म्हणजे त्यांच्या आश्रमात, आणल्या त्यातली एक, आठेक वर्षांची. आई वाटेतच गेलेली. मराठीचा एक शब्द येत नव्हता तिला. तिथेच शिकली आणि मग तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला बसली, रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या ते मुक्तीतल्या बायकामुलीच जुळवत होत्या, छापत होत्या. म्हणजे बघ, आपल्या घरात मराठी आली ती अशी, एका गुजराती पोरीने एकेक शिशाचं अक्षर उलटं लावत लावत. मी जे "आपली मातृभाषा" म्हणून तुझ्यापुढे मिरवते ना, ती तिच्या मातेची नव्हतीच.

ती आजीची आजी गेली तेव्हा आजी सोळा वर्षांची होती, उशाशी बसलेली. शेवटचे दोन दिवस ती नुसतं "बा, बा" करायची. घरच्यांना वाटलं बापाला हाक मारतेय. नंतर शेजारच्या किराणावाल्यांच्या घरातल्या बाईंनी सांगितलं, अहो आमच्यात बा म्हणजे आई. साठ वर्षं मराठीत बोललेली, मराठीत प्रार्थना केलेली बाई.

आजीला आयुष्यभर हेच पडलेलं, की तिची आजी तिच्या आईला भेटली असेल तर कुठल्या भाषेत बोलली असेल, तिला तर सगळी गुजराती विसरायला झालेलं. अगदी तुझाच प्रश्न गं. तू विचारलंस तेव्हा मला आजीच बोलल्यासारखी वाटली, म्हणून मी तुला ब्रश करायला पिटाळलं.

यात आणखी एक खुट्टा आहे, तो तुला आज ना उद्या इथल्या चर्चमध्ये लागणारच म्हणून मीच सांगते. ती वाटेत मेलेली आई ख्रिस्ती नव्हती. येशूचं नावही तिने ऐकलं नसेल. मग ती तिथे आहे का? आजीने एकदा पाळकांना हे विचारलं होतं, त्यांनी वचनं दाखवली, जी आहेत ती आहेत, मी ती नाकारत नाहीये. आजीने ऐकून घेतलं, चहा दिला, आणि ते गेल्यावर म्हणाली, "भेटली असणारच." मी म्हटलं शास्त्रात कुठेय असं? तर म्हणे, "शास्त्रात नसेल. पण देवाला काय आई कळत नाही का?" रमाबाईंचे आईवडीलही दुष्काळातच गेले, गावोगाव पुराण सांगत फिरणारी माणसं. बायबलचं पान न् पान भाषांतर करताना त्यांच्या मनात काय येत असेल, मला नेहमी वाटतं. मला स्वतःला काय वाटतं? रोज वेगळं वाटतं. रविवारी एक, मंगळवारी दुसरं.

भाषेचं मात्र मी शोधून ठेवलंय. बायबलच्या शेवटी प्रकटीकरण आहे ना, त्याच्या 7व्या अध्यायात मोठा समुदाय दिसतो, सगळ्या राष्ट्रांचा, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांचा, मोजता येणार नाही एवढा. सगळ्यांची एकच भाषा करून टाकली असं काही तिथे नाही. म्हणजे गोंगाट असणार, माझ्या सार्वजनिक नळासारखा. अंगात शुभ्र झगे असंही लिहिलंय तिथे, त्यावर आजीचं मत ठरलेलं होतं की मी काही झगा घालणार नाही बाई, माझं लग्नातलं पांढरं पातळ आहे. तेच नेसवलं तिला, तू पाहिलंस ना, पावसाच्या आधी.

तू मराठी शिकावंस म्हणून मी हे लिहीत नाहीये. बरं, थोडंसं त्यासाठीच लिहितेय. पण तू नाही शिकलीस तर आजी तिकडे तोंड फिरवून बसेल असं अजिबात नाही. तिचा पहिला प्रश्न काय असेल ते तुलाही माहितीये.

अजून एक. मामाचा काल फोन होता, दगड करायला टाकायचाय, ईस्टरच्या आत बसवायचा म्हणतो. वरती नाव, तारखा, खाली "प्रभूमध्ये निजली" आणि एक वचन, सगळं मराठीत. मी विचारलं सर्वांत खाली एक ओळ इंग्लिशमध्ये चालेल का, सारूची. तो म्हणाला जागा आहे. कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो, तेव्हा छोटी कर. शुक्रवारपर्यंत सांग.

आई