सायकलच्या चेनची वंगणे निष्पक्षपणे कशी तपासावीत?

मेण, पातळ तेल आणि दाट तेल यांपैकी सायकलच्या चेनसाठी कोणते सरस, हे घरच्या घरी कसे ठरवावे, असे आपण विचारले आहे. मी जळगावात राहतो आणि माझी सायकल रोज केळीच्या बागांकडे जाणाऱ्या रस्त्याने धावते. चेन किती काळी पडली किंवा किती वाजते, यावरून निकाल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खरी झीज पिनच्या सांध्यात, नजरेआड होते आणि सांध्यासांध्यातली ती झीज मिळून चेन लांबते. म्हणून लांबीच मोजावी.

पहिल्या खेपेला मी एक तेल पावसाळ्यात आणि दुसरे हिवाळ्यात वापरून हिवाळ्यातले उत्तम ठरवले, पण तो निकाल चुकीचा होता. आमची काळी माती भिजली की कड्यांमध्ये लिंपली जाते. तिच्याशी झुंजलेल्या तेलाची तुलना कोरड्या रस्त्यावरच्या तेलाशी होऊच शकत नाही.

त्यासाठी एकाच बनावटीच्या तीन नव्या चेन घ्याव्यात, कारखान्यातले ग्रीस रॉकेलने पुरते धुऊन काढावे (मेण तर त्या ग्रीसवर धरतच नाही) आणि प्रत्येकीला एकच वंगण नेमून द्यावे. मग एकाच सायकलवर दर 100 किलोमीटरला चेन आळीपाळीने बदलावी, म्हणजे चिखल, धूळ, चढ आणि चकत्यांचे झिजते दाते सर्वांच्या वाट्याला सारखेच येतात.

मोजताना चेन धुऊन खिळ्याला टांगावी, खाली दर वेळी तेच वजन लावावे आणि 96 कड्यांची लांबी पोलादी टेपने घ्यावी. नव्या चेनमध्ये ती 1219.2 मिलिमीटर असते. 6 मिलिमीटर वाढ म्हणजे सुमारे अर्धा टक्का झीज. येथे उन्हाळा आडवा येतो: उन्हातून आणलेली चेन टेपपेक्षा 30 अंशांनी तापलेली असेल, तर केवळ उष्णतेनेच ती सुमारे 0.4 मिलिमीटर लांब भरते. चेन आणि टेप रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजावे.

वंगण किती दिवसांनी घालायचे, हे ज्याच्या त्याच्या बाटलीवरील सूचनेप्रमाणे पाळावे आणि संपलेल्या प्रत्येक बाटलीचा खर्च किलोमीटरसह वहीत लिहावा, कारण चेन वाचवणारे तेल चेनपेक्षा महाग पडत असेल, तर तेही हिशेबात धरायला हवे.